४४ मॅग्नममधल्या ओतीव गोळ्या : नळीत शिसं साठतं आणि हरीण पळून जातं, त्याचं काय करायचं

तक्रार दर वर्षी तीच, आणि बहुतेकदा जोडीनेच येते. ४४ मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्वर, रुगर सुपर ब्लॅकहॉक नाहीतर स्मिथ अँड वेसन ६२९, दुकानातून आणलेल्या २४० ग्रेन वजनाच्या 'हार्ड कास्ट' (साच्यात ओतलेल्या कठीण शिशाच्या) गोळ्या, आणि सप्टेंबरात सराव सुरू. पहिल्या बारा गोळ्या ५० यार्डांवर तीन इंचांत बसतात. तिसाव्या गोळीपर्यंत कागदावर नुसता पसारा होतो, एखाददुसरं भोक तर लांबट, म्हणजे गोळी आडवी होऊन लागलेली. नळीत डोकावलं की आट्यांवर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पीळदार खाचांवर, राखाडी पापुद्रे. उरलेली अर्धी तक्रार नोव्हेंबरात येते. व्हाइटटेल हरणाच्या फासळ्यांवर गोळी लागली, आरपार गेली, तरी हरीण दीडशे यार्ड पळालं आणि मागे रक्त म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतके थेंब.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे आणखी कठीण गोळी घ्या. दोन्ही दुखण्यांवर हे उलटं औषध आहे. नळीत शिसं साठतं ते गोळी मऊ असल्यामुळे घासून साठतं, असा समज आहे. बहुतेक वेळा घडतं ते वेगळंच. गोळी आणि नळी यांच्यात बारीकशी फट राहते, तिच्यातून तापलेला गॅस सुसाट पुढे जातो आणि गोळीच्या कडा वितळवत, कापत नेतो. तेच शिसं पुढे आट्यांना चिकटतं. कुकरची रिंग सैल असली की वाफ बाजूने फुसफुसते. तिथे त्याच मापाची आणखी कडक रिंग बसवून काय होणार? हरणाच्या बाबतीतही तसंच. गोळी आधीच आरपार जात होती, तेव्हा कठीणपणाची कमतरता नव्हती. कमी पडलं होतं टोक.

आधी कायद्याचं. हे सगळं अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा सरळ गुन्हा आहे. अमेरिकेतही प्रत्येक राज्याचं पुस्तक वेगळं : किमान कॅलिबर, नळीची किमान लांबी, कुठल्या हंगामात हॅंडगन चालते, गोळी फुलणारी हवी की नाही, हे दर वर्षी नव्याने वाचायचं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी अजिबात चालत नाही, त्यामुळे तिथल्या वाचकांना यातलं बरंचसं फक्त कागदावरच्या निशाणांपुरतं.

शिसं कुठे साठलंय ते आधी बघा

रिव्हॉल्वर रिकामं करा, सिलिंडर उघडा किंवा काढा, पुन्हा एकदा रिकामं असल्याची खात्री करा, मग मागून टॉर्च धरून बघा. शिसं कुठल्या जागी आहे यावरून अर्धं निदान होतं.

फोर्सिंग कोन, म्हणजे नळीचं सिलिंडरकडचं नरसाळ्यासारखं तोंड, आणि त्याच्या पुढचा पहिला इंच माखला असेल तर गोळी बारीक आहे किंवा सिलिंडरचे थ्रोट (चेंबरची पुढची अरुंद तोंडं) बारीक आहेत. दहातल्या आठ तक्रारी इथेच संपतात. नळी फ्रेममध्ये जिथे पिळून बसवलेली असते नेमक्या त्या जागेपासून पुढे शिसं सुरू होत असेल तर तिथे नळी आवळली गेली आहे, त्याबद्दल पुढे. कोनाच्या एकाच बाजूला जाड थर असेल तर चेंबर, म्हणजे सिलिंडरमधलं काडतुसाचं घर, नळीच्या सरळ रेषेत येत नाही. तिथे गोळ्या बदलून वेळ आणि पैसा घालवू नका, रिव्हॉल्वर गनस्मिथकडे, म्हणजे बंदूक-कारागिराकडे द्या. शिसं फक्त तोंडाकडच्या शेवटच्या दोन इंचांत असेल तर वंगण वाटेतच संपलंय. सगळ्या नळीभर पातळ मुलामा दिसत असेल आणि हत्यार नवं असेल तर आतला पृष्ठभागच खरबरीत आहे.

नवी गोळी तपासण्याआधी नळी पूर्ण साफ हवी, कारण जुन्या शिशावर नवं शिसं लगेच धरतं. ब्रशने आणि सॉल्व्हंटने हे जात नाही. भांडी घासायची तांब्याची जाळी घ्या, तिचे दोन-तीन पट्टे जुन्या ब्राँझ ब्रशभोवती गुंडाळा आणि कोरड्या नळीतून दहा-पंधरा वेळा ओढा. खाली पांढरा कागद ठेवलात तर सुयांसारखे चकचकीत तुकडे पडताना दिसतील. जाळी विकत घेताना लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी आहे, नळीत घालू नका. आणि जॅकेटवाल्या (तांब्याचं आवरण असलेल्या) चार गोळ्या झाडून शिसं 'ढकलून' काढायची युक्ती सोडून द्या. अडथळ्यावर गोळी झाडणं यापलीकडे त्यात काही नाही.

मोजमाप : तीन आकडे

इथे घाई करणारा पुढे वर्षभर गोळ्या बदलत बसतो. मायक्रोमीटर हवा, तोही इंचाचा दहा हजारावा भाग दाखवणारा. डिजिटल व्हर्नियर इथे फसवतो. पुण्या-चाकणच्या वर्कशॉपांत ज्याला थाऊ म्हणतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्या एका थाऊवर हा सगळा खेळ आहे.

पहिला आकडा नळीचा, आट्यांच्या खोल घळीत मोजलेला. शुद्ध शिशाचा ०.४३५ ते ०.४४० इंचांचा गोल बॉल घ्या, तोंडाकडून भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका (मझललोडर) वापरणाऱ्यांकडे मिळतो. नळीला तेलाचा हात फिरवा, सिलिंडर काढा, बॉल नळीच्या तोंडावर ठेवा आणि लाकडी हातोडीने आत बसवा. मग पितळी सळईने हळूहळू फ्रेमकडे ढकला. बारीक लाकडी काठी वापरू नका. ती तिरकी चिरते, पाचरीसारखी अडकते आणि मग ती काढायला गनस्मिथ लागतो. ढकलताना हाताला काय जाणवतं त्याकडे लक्ष द्या. सगळीकडे सारखा विरोध आणि शेवटच्या अर्ध्या इंचात एकदम घट्टपणा, म्हणजे फ्रेमजवळ नळी आवळलेली आहे.

रुगरच्या नळीत सहा घळी असतात, समोरासमोर येतात, मोजणं सोपं. स्मिथमध्ये पाच असतात. एका घळीसमोर दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो, त्यामुळे साधा मायक्रोमीटर खरा आकडा देतच नाही. त्यावर उपाय आकड्याशिवायचा आहे : नळीतून दबून निघालेला तोच शिशाचा बॉल, म्हणजे स्लग, एकेका थ्रोटमध्ये बोटाने ढकलून बघा. सहज गेला तर थ्रोट नळीपेक्षा मोठा, म्हणजे ठीक. अडला तर थ्रोट बारीक, आणि तुमच्या शिशाचं मूळ सापडलं.

दुसरा आकडा थ्रोटचा. चेंबरचा पुढचा अरुंद भाग तो थ्रोट, आणि सहाही मोजायचे, एक मोजून बाकीचे धरून चालायचं नाही. आजच्या ४४ मध्ये ०.४३० ते ०.४३१ असेल तर उत्तम. जुन्या मॉडेल २९ मध्ये ०.४३२-०.४३३ सुद्धा सापडतात. ४५ कोल्टच्या रुगरमध्ये उलटी रड असते : नळी ०.४५१-०.४५२ आणि थ्रोट ०.४५०. अशा हत्यारात ०.४५२ ची गोळी थ्रोटमधून जातानाच पिळून बारीक होते आणि पुढे नळीत सैल पडते. गोळी कुठलीही आणा, शिसं साठणारच. थ्रोट रीम करून, म्हणजे आतून तासून मोठे करून घेणं हाच इलाज, आणि तो स्वस्त आहे.

तिसरा आकडा गोळीचा. डब्यावर ०.४३० लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. दहा गोळ्या काढून मोजा. ०.४२९ निघाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तिन्हींचं नातं असं : थ्रोट नळीपेक्षा अर्धा ते एक थाऊ मोठा, आणि गोळी थ्रोटइतकी. रिकाम्या सिलिंडरमध्ये सुटी गोळी मागून टाकून बघा. आपल्या वजनाने खाली पडली तर बारीक आहे. पेन्सिलीच्या हलक्या दाबाने थ्रोटमधून सरकली तर हीच ती गोळी. ठोकावी लागली तर एक थाऊ कमी साइझ करा, म्हणजे डायमधून दाबून माप उतरवा. थ्रोट ०.४३१ आणि गोळी ०.४२९ असेल तर ब्रिनेल २२ ची (ब्रिनेल म्हणजे धातूच्या कठीणपणाचं माप) गोळीसुद्धा नळी माखणार, आणि थ्रोटइतक्या मापाची ब्रिनेल ११ ची गोळी शंभर फैरींनंतरही नळी चकचकीत ठेवते.

फ्रेमजवळ आवळलेली नळी फायर-लॅपिंगने मोकळी होते, म्हणजे मऊ गोळ्यांना घासणारी पेस्ट लावून त्या अगदी कमी वेगात झाडायच्या. किती झाडायच्या आणि मध्ये किती वेळा स्लग काढायचा, हे ज्याने आधी केलंय त्याच्या हाताखाली शिका. काढलेलं लोखंड परत लावता येत नाही.

माप बरोबर, तरी शिसं? मग काडतुसाची पितळी केस बघा

ही चूक सगळ्यांत जास्त निसटते, कारण गोळी हातात मोजली तेव्हा तर बरोबर होती. काडतूस भरायच्या साच्यांचे, म्हणजे डायचे, बहुतेक सेट जॅकेटवाल्या ०.४२९ च्या गोळीसाठी बनवलेले असतात. त्यातला केसचं तोंड रुंद करणारा एक्सपांडर प्लग ०.४२६ च्या आसपास असला तर पितळी केस इतकी घट्ट राहते की मऊ ओतीव गोळी बसवताना केसच तिला आवळून बारीक करते. बूड ०.४३१ चं ०.४२८ होतं. तुमच्या डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही.

तपासायला एक काडतूस बंदुकीच्या दारूशिवाय, प्रायमरशिवाय भरा, क्रिम्प करा (केसची कड गोळीवर वळवा) आणि हातोडीसारख्या पुलरने गोळी परत काढा. बुडाजवळ मोजा. अर्ध्या थाऊपेक्षा जास्त कमी झाली असेल तर ओतीव गोळ्यांसाठीचा मोठा प्लग घ्या, ०.४२८-०.४२९ चा. लायमनचा एम-डाय याच कामासाठी आहे : आधी केस सरळ रुंद करतो आणि तोंडाशी एक छोटी पायरी देतो, गोळी तिच्यावर सरळ उभी राहते. शेवटच्या टप्प्याला कार्बाइड रिंगवाला फॅक्टरी क्रिम्प डाय वापरत असाल तर तोही तपासा. भरलेलं काडतूस तो बाहेरून पुन्हा दाबतो आणि आतली मोठी गोळी परत बारीक करून ठेवतो. जॅकेटला त्याचं काही वाटत नाही. ओतीव गोळीसाठी तो काढून ठेवावा, हे आमचं स्पष्ट मत.

गोळी बसवणं आणि क्रिम्प या दोन वेगळ्या पायऱ्या करा. एकाच वेळी केल्या तर केसची कड गोळीवरचं शिसं खरवडते, वळं निघतं, आणि तेच वळं चेंबरच्या तोंडाशी अडकून पुढचं काडतूस नीट बसू देत नाही.

कठीणपणा : किती पुरे

मिश्रधातूंचे आकडे पाठ असलेले बरे. शुद्ध शिसं ब्रिनेल ५. वीस भाग शिसं, एक भाग कथील : १० च्या आसपास. गाडीच्या चाकांच्या बॅलन्सिंगला लावतात ती क्लिपवाली वजनं वितळवून ओतली आणि हवेत थंड केली तर १२. लायमन नंबर २, म्हणजे ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी : १५. लायनोटाइप, म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांचा धातू, ८४ शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील : २२. दुकानी 'हार्ड कास्ट' बहुतेकदा ९२-६-२ चं असतं, १५-१६ च्या घरात, आणि जाहिरातीत त्याहून वर.

ब्रिनेल आकड्याला १४२२ ने गुणून येणाऱ्या दाबाखाली राहा, असा एक नियम फिरतो. ४४ मॅग्नमची कमाल मर्यादा ३६,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). हिशेब केला तर २५ ब्रिनेल लागेल, म्हणजे लायनोटाइपसुद्धा अपुरं. आता दुसऱ्या बाजूने बघा : १९५५-५६ मध्ये ज्याच्या पाठपुराव्यामुळे ४४ मॅग्नम बाजारात आलं तो एल्मर कीथ सोळा भाग शिसं आणि एक भाग कथील वापरायचा, ब्रिनेल साधारण ११, बुडाला तांब्याची वाटीसुद्धा नाही, आणि त्याचे भार मवाळ मुळीच नव्हते. नियम खोटा नाही, पण माप जुळलेल्या हत्यारात तो फार ताणून धरायची गरज नाही. आमचं गणित असं : सेकंदाला १००० ते १२०० फूट असेल तर ११ ते १३ ब्रिनेल, साधं सपाट बूड. त्याच्या वर, १३००-१४०० कडे जायचं असेल तर गॅस चेक, म्हणजे बुडाला बसणारी तांब्याची वाटी, आणि १५ ब्रिनेल. काडतुसातल्या दारूचं वजन इथून किंवा कोणाच्या तोंडून घेऊ नका. त्या गोळीच्या वजनासाठी छापलेल्या भरणी-पुस्तकातूनच घ्या आणि खालच्या आकड्यापासून वर या.

दुकानी गोळीचं बूड बहुतेकदा कडेने तासलेलं असतं, भरायच्या यंत्रात सोपं जावं म्हणून. फट मिळाली की गॅसला तो उतार आयताच सापडतो. शिवाय तिच्यावरचं निळं-लाल वंगण डब्यातून, पोस्टातून न वितळता पोचावं म्हणून मेणबत्तीसारखं कडक केलेलं असतं. नळीत ते कामाला येण्याआधी चुरा होऊन उडतं. मधमाश्यांचं मेण आणि ॲलॉक्स (वंगणासाठी विकत मिळणारं मेणचट द्रव्य) निम्मं-निम्मं, हे जुनं मिश्रण आजही पुरतं.

स्वतः ओतत असाल तर दहा पौंडांच्या भांड्यासाठी : क्लिपवाली वजनं ४.९ पौंड, मऊ शिसं ४.९ पौंड, कथील ०.२ पौंड, म्हणजे ९१ ग्रॅम. कल्हईचं तेच कथील. दोन टक्क्यांपेक्षा जास्त घातलंत तर फक्त पैसा जातो. साचा नीट भरणं एवढंच त्याचं काम. भांडं ३५० ते ३८० अंश सेल्सियसवर ठेवा आणि त्यावर जाऊ देऊ नका. कारण साधं आहे : शिसं ३२७ ला वितळतं, जस्त ४१९ ला. हल्लीच्या वजनांत जस्ताची बरीच असतात. तापमान आटोक्यात असेल तर ती न वितळता वर तरंगतात, पळीने काढता येतात. एकदा का वितळली की सगळं भांडं लापशीसारखं गठ्ठेदार होतं आणि साच्याच्या कडा भरतच नाहीत. चिकटवायची वजनं जवळजवळ शुद्ध शिसं असतात, ती वेगळी ठेवा.

गोळीवर सुरकुत्या म्हणजे साचा थंड. दुधाळ, दाणेदार पृष्ठभाग म्हणजे साचा जरा जास्त तापलेला, पण ती गोळी वाईट नव्हे. टाकून द्यायची ती गोलसर बुडाची. बुडाची कड नखाला धारदार लागली पाहिजे, टोकावर एखादी खळी चालेल. साचा कुठल्या धातूवर किती माप देतो हेही बदलतं : अँटिमनी कमी झाली की गोळी आकसते, आणि नंबर २ मध्ये ०.४३१ देणारा साचा मऊ मिश्रणात ०.४३० वर येतो. म्हणून धातू बदलला की पुन्हा मोजायचं.

पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशाखाली गेला की वाफेचा स्फोट होऊन शिसं छतापर्यंत उडतं. ओली वजनं, घामाचे हात, पावसातली शेड, सगळं लांब. चष्मा, हातमोजे, मोकळी हवा, आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं नाही. काम संपलं की साबणाने हात धुवून मगच चहा.

साच्यातून गोळ्या सरळ बादलीभर पाण्यात टाकल्या तर चाकाच्या वजनांचा धातू १८-२० ब्रिनेलच्या वर जातो. हरणासाठी याची गरज नाही, आणि त्या पुढे दोन आठवडे हळूहळू आणखी कठीण होत राहतात, म्हणजे आज तपासलेली गोळी शिकारीच्या दिवशी तीच नसते. पावडर कोटिंग केलं तर वंगणाची कटकट जाते, पण २०० अंश सेल्सियसला वीस मिनिटं भाजताना पाण्याने आलेला कठीणपणाही उतरतो आणि माप एक-दोन थाऊ वाढतं. साइझिंग भाजल्यानंतर करायचं. कठीणपणा मोजायचं यंत्र नसेल तर चित्रकलेच्या पेन्सिली वापरा : टोक घासून सपाट करा आणि गोळीवर ४५ अंशांत पुढे ढकला. शुद्ध शिशाला ६बी सुद्धा ओरखडा काढते, १४-१५ ब्रिनेलला साधारण एचबी लागते.

हरीण का पळालं

कठीण गोळी हरणात फुलत नाही. जखम किती मोठी होईल हे टोकाच्या सपाट भागावर आणि वेगावर ठरतं. त्या सपाटीला मेप्लॅट म्हणतात. गोल टोकाची २४० ग्रेनची गोळी मांस बाजूला सारत जाते, मागे ते पुन्हा मिटतं. सपाट टोक तेच मांस समोरून ठोकतं, बाजूला फेकतं, आणि जखम गोळीच्या व्यासापेक्षा बरीच मोठी होते. कीथ पद्धतीच्या सेमी-वॅडकटरला (सपाट टोक आणि मागे धारदार खांदा असलेल्या गोळीला), उदाहरणार्थ लायमनच्या ४२९४२१ साच्यातल्या, सपाटी व्यासाच्या ६५ टक्क्यांच्या आसपास असते. रुंद सपाट टोकाच्या डब्ल्यूएफएन आकारात ती ८० टक्क्यांपर्यंत जाते, ०.४३० च्या गोळीला ०.३४० इंच. शिकारीच्या अंतरात, म्हणजे ७५ यार्डांच्या आत, रुंद टोकाचा आकार आम्ही पहिला निवडू. अचूकतेत कीथ आकार थोडा सोपा पडतो, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी. गोल टोक शिकारीच्या डब्यात नकोच.

वजन २४० ते २६० ग्रेन पुरे. तीनशे ग्रेनच्या गोळ्या एल्कसाठी, म्हणजे कितीतरी मोठ्या हरणासाठी ठीक. व्हाइटटेलमध्ये २५० ग्रेन, ११०० फुटांच्या वेगाने, आडव्या उभ्या हरणातून बाहेर पडते आणि पलीकडच्या झाडात रुतते. जादा वजनाने मिळतो तो फक्त हिसका. ३५७ मॅग्नममध्ये १५८ ते १८० ग्रेन सपाट टोक आणि अंतर ५० यार्डांच्या आत ठेवा. तिथे चुकीला जागाच कमी आहे.

लायनोटाइपसारखी अतिकठीण गोळी हाडावर ठिसूळ होऊन तुकडे होते, हा तिचा दुसरा दोष. ११-१२ ब्रिनेलची गोळी खांद्याच्या हाडावर टोकाशी थोडी पसरते पण एकसंध राहते. फुलणारी ओतीव गोळी हवी असेल तर टोकाला खळगा असलेला साचा आणि कथील-शिशाचंच मिश्रण, एकास सोळा ते एकास वीस. अँटिमनीवालं मिश्रण खळग्याच्या कडेशी फुटून उडतं.

घरी तपासायला एक गॅलनचे दुधाचे कॅन पाण्याने भरून एकामागे एक सहा-सात ठेवा, मागे मातीचा भक्कम बांध. गोळी कितव्या कॅनमध्ये थांबली यापेक्षा पहिले दोन कॅन कसे फाटले ते बघा. गोल टोकाने नुसतं भोक पडतं, रुंद टोकाने शिवण उसवते.

आणि कधीकधी दोष गोळीचा नसतोच. फुप्फुसांच्या वरच्या भागात लागली की रक्त आत साठतं, बाहेर येत नाही. आडव्या उभ्या हरणाला पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर धरा. खालून बाहेर पडलेलं भोक माग सोडतं. फुप्फुसांत नीट लागलेलं हरीणसुद्धा पन्नास-शंभर यार्ड धावतं, त्याला अपयश म्हणू नये. अर्धा तास थांबून मग मागावर जा. मांस कापताना जखमेच्या आजूबाजूचा भाग सढळ हाताने काढून टाका, शिशाचे कण खाण्यात यायला नकोत.

जंगलात जाण्याआधी

गोळी बदलली की निशाण पुन्हा लावा. रिव्हॉल्वरमध्ये जड आणि हळू गोळी वर लागते, कारण ती नळीतून बाहेर पडेपर्यंत हत्यार हिसक्याने वर उचललेलं असतं. रायफलची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. अंतराची मर्यादा बाकावरून बसून ठरवू नका. काठीच्या आधाराने, उभं राहून, सहाच्या सहा गोळ्या सहा इंचांच्या ताटलीत जिथपर्यंत बसतात तिथे तुमची हद्द.

हिसक्याने गोळ्या पुढे सरकतात का तेही बघा. सहा काडतुसांपैकी एकावर खूण करा, लांबी मोजून लिहून ठेवा, बाकीची पाच झाडा, मग खूण केलेलं काढून पुन्हा मोजा. पाच थाऊपेक्षा जास्त वाढलं असेल तर क्रिम्प कमी पडतोय, किंवा केसची पकड सैल आहे. केसची तोंडं एकसारख्या लांबीची कापा आणि कड गोळीच्या क्रिम्प-खाचेत पूर्ण वळवा. सरकलेली गोळी सिलिंडरच्या पुढे डोकावते आणि सिलिंडर फिरणं बंद, तेही दुसऱ्या गोळीची गरज असतानाच.

शेवटची तपासणी मोठ्या मापाच्या गोळीसाठी खास. शिकारीसाठी काढून ठेवलेलं प्रत्येक काडतूस, रेंजवर, नळी बांधाकडे धरून, सहाही चेंबरमध्ये टाकून बघा. आपल्या वजनाने रिमपर्यंत गेलं पाहिजे. अंगठ्याने दाबावं लागलं ते काडतूस सरावाच्या डब्यात.